नाव आपलं, पत्ता कुणाचा?



वीजबिल थकलं तर काय होतं, हे जबलपूरकरांना वेगळं सांगायला नको. मध्य प्रदेशच्या वीज कंपन्यांचा कारभार आपल्याच रामपूरच्या शक्ती भवनातून चालतो. बिल थकलं म्हणून कुणी लगेच येऊन तार कापत नाही. विद्युत कायदा २००३च्या कलम ५६ प्रमाणे आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर पूर्ण १५ दिवस थांबावं लागतं. एवढं होऊन वीज कापलीच, तर पैसे भरल्यावर त्याच मीटरमधून पुन्हा दिवा लागतो. तुमचा मीटर मधल्या काळात भलत्याच माणसाला देऊन टाकला, असं होत नाही.

इंटरनेटवरच्या नावाचं मात्र असं होतं.

तुमच्या दुकानाची, क्लासची, दवाखान्याची किंवा मंडळाची वेबसाइट असेल, तर तिचं एक नाव असतं. शेवटी डॉट कॉम, डॉट इन किंवा डॉट ऑर्ग असलेलं. त्याला डोमेन म्हणतात. या नावाची मुदत संपते, आणि वेळेत पैसे भरले नाहीत तर काही आठवड्यांनी ते नाव जगातला कुणीही घेऊ शकतो. मग मुदत संपत आली हे तुम्हाला कळवायची जबाबदारी कुणाची? किती दिवस आधी? कुठल्या पत्त्यावर? आजच्या सदरात हेच पाहू. वेबसाइट तुमची नसेल, तरी तुमच्या मुलाची, सुनेची, भाचीची किंवा ज्या मंडळाची तुम्ही वर्गणी भरता त्याची असेल. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

नाव विकत मिळत नाही

आपण सहज म्हणतो, "डोमेन विकत घेतलं." खरं तर ते भाड्याने घेतलेलं असतं. एका वेळी कमीत कमी एक वर्षासाठी आणि जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. डॉट कॉमची नावं १९९५च्या सप्टेंबरपर्यंत फुकट मिळायची. त्यानंतर अमेरिकेतल्या नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीने दोन वर्षांचे १०० डॉलर घ्यायला सुरुवात केली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं तेही त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ला. म्हणजे आपण इंटरनेटवर आलो आणि नावाचं भाडं सुरू झालं, हे जवळपास एकाच वेळचं.

आता या भाड्याच्या व्यवहारात कोण कोण असतं ते पाहू. सगळ्यात वर आयकॅन नावाची संस्था आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था डॉट कॉम, डॉट ऑर्ग यांसारख्या नावांचे नियम ठरवते. आपल्या देशाच्या डॉट इनचा कारभार निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, पाहते. ही संस्था २००३ मध्ये सुरू झाली आणि २००५ पासून डॉट इनची नावं सर्वांना मिळू लागली. देवनागरीत लिहायचं डॉट भारत हे नावही निक्सीकडेच आहे. ते २०१४ मध्ये सुरू झालं.

त्याखाली रजिस्ट्रार येतात. प्रत्यक्ष नावं नोंदवून देणाऱ्या या कंपन्या. जगातल्या मोठ्या रजिस्ट्रारांपैकी एक मुंबईत उभा राहिला, हे फार जणांना ठाऊक नसतं. भाविन आणि दिव्यांक तुरखिया या भावांनी १९९८ मध्ये डायरेक्टी ही कंपनी सुरू केली. बिगरॉक आणि रिसेलरक्लब ही त्यांचीच नावं. २०१४ मध्ये त्यांनी हा व्यवसाय एन्ड्युरन्स या अमेरिकी कंपनीला विकला.

यातल्या 'रिसेलर' या शब्दाकडे लक्ष द्या. रिसेलर म्हणजे रजिस्ट्रारकडून घाऊक घेऊन किरकोळ विकणारा. तुमची वेबसाइट बनवून देणारा ओळखीचा मुलगा, जयंती कॉम्प्लेक्समधला संगणकवाला किंवा लग्नपत्रिका छापता छापता वेबसाइटही बनवून देणारा प्रेसवाला यांपैकी कुणीही रिसेलर असू शकतो. तुम्ही पैसे त्याला देता. तो वरच्याला देतो. वरचा आणखी वरच्याला. पैसे या साखळीतून वर नीट जातात. सूचना खाली येताना मात्र अनेकदा मध्येच अडकते.

नियम काय सांगतो?

डॉट कॉम, डॉट ऑर्ग, डॉट नेट यांसारख्या नावांसाठी आयकॅनचा नियम अगदी स्पष्ट आहे. तो ऑगस्ट २०१३ अखेरपासून लागू आहे.

मुदत संपण्याच्या साधारण एक महिना आधी रजिस्ट्रारने एक सूचना पाठवायची. साधारण एक आठवडा आधी दुसरी. तरीही पैसे भरले नाहीत, तर मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत तिसरी, आणि त्या तिसऱ्या सूचनेत पैसे कसे भरायचे हेही सांगायचं. सूचना अशी हवी की ती मिळण्यासाठी तुम्हाला काही करावं लागू नये. म्हणजे "आमच्या वेबसाइटवर लॉगिन केलं असतं तर दिसलं असतं" ही सबब चालत नाही. सूचना कुठल्या मार्गाने आणि कुठल्या पत्त्यावर पाठवणार, हे रजिस्ट्रारने आधी सांगायला हवं. नूतनीकरणाचे आणि मुदत उलटल्यावर नाव परत मिळवण्याचे दरही जाहीर करायला हवेत.

यात आणखी एक सोय आहे. नाव कायमचं जाण्याआधी, ते तुम्हाला अजून परत घेता येत असतं त्या काळातले शेवटचे आठ दिवस, रजिस्ट्रारने वेबसाइट बंद ठेवायची. वरवर पाहता हा जाच वाटतो. पण तीन मेल वाचले नाहीत, तरी वेबसाइट बंद पडल्यावर कुणीतरी गिऱ्हाईक फोन करून विचारतंच, "अहो, तुमची साइट उघडत नाही!" वेबसाइट बंद पडणं हीसुद्धा एक सूचनाच आहे, आणि बहुधा शेवटची. म्हणून साइट दिसेनाशी झाली तर "सर्व्हर डाउन असेल, होईल उद्या सुरू" म्हणून बसून राहू नका.

आणि रिसेलरचं काय? आयकॅनशी झालेल्या करारानुसार, काम रिसेलरने केलं तरी नियम पाळण्याची जबाबदारी रजिस्ट्रारवरच राहते. "आम्ही त्याला सांगितलं होतं, त्याने तुम्हाला सांगितलं नाही" एवढं म्हणून रजिस्ट्रार हात झटकू शकत नाही.

डॉट इन आणि डॉट भारत ही देशाची नावं असल्यामुळे आयकॅनचा हा नियम त्यांना लागू होत नाही. तिथे निक्सीची धोरणं आणि तुमच्या रजिस्ट्रारच्या अटी चालतात. बहुतेक रजिस्ट्रार डॉट इनसाठीही मेल पाठवतात, पण तीन सूचना मिळतीलच असं गृहीत धरू नका. अटींचं पान एकदा उघडून मुदत आणि दंड पाहून ठेवा.

सूचना जाते, पण कुणाकडे?

नियम तर चांगला आहे. मग नावं जातात कशी?

रजिस्ट्रारचं कर्तव्य सूचना पाठवण्यापुरतं आहे. ती तुम्ही वाचली की नाही, हे पाहायची सक्ती त्याच्यावर नाही. तो ती पाठवतो नोंदीत असलेल्या ईमेलवर. मुंबई उच्च न्यायालयात २०२० मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हर आणि एन्ड्युरन्स डोमेन्स यांच्यातलं एक प्रकरण आलं होतं. विषय बनावट नावांचा होता, पण न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी त्यात डोमेन नोंदणी कशी चालते हे छान उलगडून सांगितलं. हा सगळा व्यवहार यंत्रं करतात, प्रत्येक नावामागे कुणी माणूस बसलेला नसतो. सूचनांचंही तसंच समजा. यंत्र ठरलेल्या तारखेला मेल सोडतं. तो पत्ता बंद आहे की चालू, तिकडे कुणी जिवंत आहे की नाही, हे यंत्र विचारत नाही.

आता आपल्या घरांमधली परिस्थिती आठवा.

समजा, एखाद्या घरात ड्रेस मटेरियलचा व्यवसाय आहे. जबलपूरचे तयार सलवार सूट देशभर जातात, तेव्हा वेबसाइट असणं साहजिकच. ती बनवली धाकट्या मुलाने, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षात. ईमेल दिला कॉलेजचा. मुलगा पास होऊन पुण्याला नोकरीला गेला आणि कॉलेजने तो ईमेल बंद केला. तीनही सूचना त्या बंद दारावर जाऊन आदळणार.

किंवा एखादं मराठी मंडळ घ्या. वेबसाइट आहे, गणेशोत्सवाचे जुने फोटो आहेत, देणगीदारांची यादी आहे. डोमेन घेतलं तेव्हाचे सचिव उत्साही होते, त्यांनी स्वतःचा ईमेल दिला. पुढे कार्यकारिणी बदलली. नव्या कार्यकारिणीला कपाटाच्या किल्ल्या मिळाल्या, पावतीपुस्तकं मिळाली, माइक मिळाला. डोमेनचा पासवर्ड कुणी मागितला नाही, कुणी दिला नाही.

सगळ्यात अवघड प्रसंग घरातलं माणूस गेल्यावरचा. आजोबांनी हौसेने स्वतःच्या लेखांची वेबसाइट केलेली असते. आजोबा गेले. सूचना त्यांच्या जीमेलवर येत राहतात. गूगलच्या नियमाप्रमाणे दोन वर्षं न वापरलेलं खातं पुसलं जाऊ शकतं; डिसेंबर २०२३ पासून तशी कारवाई सुरू झाली. मग सूचना यायलाही जागा उरत नाही. बँकेची पासबुकं, विम्याचे कागद, घराची रजिस्ट्री आपण शोधून काढतो. डोमेन कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण त्याचा कागदच नसतो.

आणखी एक खास घोळ सांगते. काही जण नोंदीत ईमेल देतात तो त्याच डोमेनवरचा. म्हणजे दुकानाच्या नावाची वेबसाइट आणि तिच्याच नावाचा ईमेल. दिसायला झकास. पण डोमेन बंद पडलं की त्यावरचा ईमेलही बंद पडतो. म्हणजे मुदत संपल्यानंतरची ती महत्त्वाची तिसरी सूचना तुमच्यापर्यंत पोहोचायला वाटच उरत नाही. किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतल्यासारखं आहे हे.

मोठ्यांचंही असंच होतं

हे फक्त आपल्यासारख्या छोट्या माणसांचं होतं असं नाही. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे ३५ डॉलर भरले नाहीत. हॉटमेलमध्ये जाण्याचा रस्ता त्या नावावरून जात होता, त्यामुळे ऐन नाताळच्या आदल्या दिवशी असंख्य लोकांना मेल उघडता येईना. मायकेल चेनी नावाच्या एका अमेरिकी प्रोग्रॅमरच्या हे लक्षात आलं आणि त्याने स्वतःच्या कार्डाने ते ३५ डॉलर भरून टाकले. माणूस भला होता म्हणून निभावलं.

फेब्रुवारी २००४ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट या नामवंत दैनिकाचं ईमेलसाठीचं डोमेन असंच लटकलं आणि पत्रकारांचे मेल बंद पडले. कारण काय निघालं? सूचना आल्या होत्या, पण कुणी उघडून पाहत नसलेल्या एका मेलपेटीत. म्हणजे रजिस्ट्रारने कर्तव्य केलं होतं आणि तरीही दैनिकाला काही कळलं नव्हतं.

आणि जून २०१६ मधली गोष्ट तर गंभीर आहे. अमेरिकेत ज्यांना ऐकू येत नाही अशा लोकांसाठी व्हिडिओवरून दुभाषाच्या मदतीने फोन करण्याची सोय आहे. ती पुरवणाऱ्या सोरेन्सन या कंपनीचं डोमेन नूतनीकरण न झाल्याने बंद पडलं. काही लोकांना तीन दिवसांपर्यंत ९११ या तातडीच्या नंबरवरही फोन लावता आला नाही. तिथल्या दूरसंचार आयोगाने पुढच्या वर्षी कंपनीकडून २७ लाख डॉलर परत घेतले आणि वर २ लाख ५२ हजार डॉलरचा दंड लावला. वर्षाला थोडक्या पैशांत राहणारं एक नाव. त्याच्या आधारावर कुणाचा तरी जीव अवलंबून असू शकतो.

नाव गेलं, तर बिघडलं काय?

"दुसरं नाव घेऊ!" असं वाटणं साहजिक आहे. पण जुनं नाव जाताना एकटं जात नाही.

तुमच्या व्हिजिटिंग कार्डावर, दुकानाच्या पाटीवर, गूगलच्या नकाशावर, जुन्या पावत्यांवर तेच नाव असतं. सोडलेली नावं हुडकून घेणाऱ्यांचा एक धंदाच आहे. त्यांना तुमच्या व्यवसायाशी देणंघेणं नसतं; जुन्या नावावर आयती येणारी माणसं हवी असतात. मग शाळेच्या जुन्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात दिसू लागते आणि पालक शाळेला विचारतात, "हे काय चाललंय?"

त्याहून मोठा धोका ईमेलचा. ज्याच्याकडे डोमेन, त्याच्याकडे त्या डोमेनवर येणारे सगळे नवे मेल. तुमच्या जुन्या पत्त्यावर कुणी बिल पाठवलं, रुग्णाने रिपोर्ट पाठवला, बँकेने काही कळवलं, तर ते नव्या मालकाला मिळणार. शिवाय तुमचं फेसबुक पेज किंवा दुसरं एखादं खातं त्या ईमेलला जोडलेलं असेल, तर 'पासवर्ड विसरलो' हे बटण दाबून तो आत शिरू शकतो. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका सुरक्षा-संशोधकाने हे करून दाखवलं. वकिलांच्या कंपन्यांनी सोडून दिलेली काही डोमेन त्याने रीतसर घेतली आणि अशिलांची गोपनीय पत्रं त्याच्याकडे येऊ लागली. त्याने कुठलंही कुलूप फोडलं नव्हतं.

कोर्टात जाता येतं का? सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या प्रकरणात सांगितलं की डोमेन हा नुसता पत्ता नाही, व्यापारातली ओळख आहे आणि तिला संरक्षण मिळू शकतं. डॉट इनच्या वादांसाठी निक्सीची लवादाची वेगळी सोयही आहे. पण समोरच्याने नाव वाईट हेतूने घेतलं, हे तुम्हाला दाखवावं लागतं. हजार-दीड हजार रुपयांत जे टिकलं असतं, त्यासाठी वकील, वेळ आणि मनस्ताप लागतो.

मग रजिस्ट्रारने आणखी काय करावं?

माझं मत स्पष्ट आहे. नियमातल्या तीन सूचना ही किमान पायरी आहे आणि ती भारतासारख्या देशाला पुरत नाही. आपल्याकडे लोक ईमेल रोज उघडत नाहीत. मोबाइल मात्र हातातच असतो. गॅस सिलिंडर निघाला तरी मेसेज येतो, बँकेतून शंभर रुपये गेले तरी मेसेज येतो. रजिस्ट्रारकडे तुमचा मोबाइल नंबर असतोच. मग मुदतीची सूचना एसएमएसवर का नको? ती हिंदीत किंवा मराठीत का नको? देवनागरीत डोमेन देता येतं, तर देवनागरीत नोटीस द्यायला काय हरकत आहे? आणि सूचनेचा मेल परत आला, तर नोंदीतल्या दुसऱ्या माणसाला कळवायचं बंधन का नको?

विजेच्या नोटिशीचं वैशिष्ट्य हेच आहे की ती जिथे दिवा लागतो तिथे येते. डोमेनची सूचनाही ज्याचं नाव जाणार आहे त्याच्यापर्यंत यायला हवी.

पण हे नियम बदलेपर्यंत आपल्याला आपलं नाव सांभाळायचं आहे. म्हणून आता कामाला लागू.

या रविवारी करायची सात कामं

पहिलं, नाव कुणाच्या नावावर आहे ते पाहा. आयकॅनच्या लुकअप पानावर डोमेन टाकलं की मुदत कधी संपते आणि रजिस्ट्रार कोण, हे फुकटात दिसतं. डॉट इनसाठी निक्सीच्या रजिस्ट्रीवर अशीच सोय आहे. मालकाचं नाव आणि ईमेल गोपनीयतेमुळे तिथे बहुधा झाकलेले असतात. ते रजिस्ट्रारच्या खात्यात लॉगिन करूनच कळतात. लॉगिन तुमच्याकडे नसेल, तर वेबसाइट बनवणाऱ्याला फोन करा आणि प्रेमाने सांगा, "बेटा, डोमेन माझ्या नावाने माझ्या खात्यात करून दे." हा तुमचा हक्क आहे, पण भांडायची गरज बहुधा पडत नाही. मुलं चांगली असतात, फक्त कुणी विचारलेलं नसतं.

दुसरं, ईमेल बदला. कॉलेजचा नको, नोकरीचा नको, त्याच डोमेनवरचा नको. घरातल्या किंवा संस्थेतल्या दोन माणसांना उघडता येईल असा साधा पत्ता ठेवा. मोबाइल नंबरही आजचाच आहे ना, पाहा. रजिस्ट्रारने वर्षातून एकदा "तुमची माहिती बरोबर आहे का?" असा मेल पाठवायचा असतो. तो जाहिरात समजून पुसू नका.

तिसरं, हॉस्टिंग आणि डोमेन यांत गल्लत करू नका. हॉस्टिंग म्हणजे वेबसाइटच्या सामानाची जागा, डोमेन म्हणजे दारावरची पाटी. दोन्हींची बिलं वेगळी, तारखा वेगळ्या. "यंदाचे मेंटेनन्सचे पैसे दिलेत" म्हणजे डोमेनचे दिले असं नव्हे. विचारून खात्री करा.

चौथं, ऑटो-रिन्यूवर डोळे मिटून विसंबू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डातून दरवर्षी आपोआप पैसे कापायचे असतील, तर आधी तुमची रीतसर मंजुरी नोंदवावी लागते आणि कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला कळवावं लागतं. ग्राहकासाठी हे चांगलंच आहे. पण मंजुरी नोंदलेली नसेल किंवा कार्ड बदललं असेल, तर पैसे कापलेच जात नाहीत, आणि आपण निर्धास्त असतो.

पाचवं, शक्य असेल तर तीन किंवा पाच वर्षांचे पैसे एकदम भरा. आणि मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. हो, कागदाच्या. संकष्टी आणि दूधवाल्याचा हिशोब जिथे दिसतो, तिथे डोमेनही दिसू दे.

सहावं, खोट्या सूचना ओळखा. खरी सूचना हरवते आणि खोटी बरोबर पोहोचते, अशी गंमत आहे. डोमेनची माहिती पूर्वी जाहीर असायची, त्यावरून बनावट 'नूतनीकरण बिलं' पाठवणारे निघाले. २००३ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका या कंपनीवर अशाच फसव्या पत्रांसाठी कारवाई केली होती. आजही मेल येतात, "आज पैसे भरा, नाहीतर साइट बंद." अशा मेलमधल्या लिंकवर बोट ठेवू नका. तुमचा रजिस्ट्रार कोण हे तुम्हाला माहीत आहे ना? मग त्याचा पत्ता स्वतः टाइप करून आत जा आणि तारीख पाहा. खरं असेल तर तिथे दिसेलच.

सातवं, लिहून ठेवा. डोमेनचं नाव, रजिस्ट्रार, कुठल्या ईमेलने खातं आहे आणि मुदत. या चार ओळी विम्याच्या कागदांच्या फाइलमध्ये. पासवर्ड कुठे ठेवला आहे, हे घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा. मंडळ असेल तर या चार ओळी इतिवृत्तात नोंदवा आणि दरवर्षी वार्षिक सभेत वाचून दाखवा.

मुदत उलटून गेलीच असेल तर

घाबरू नका, पण उशीरही करू नका. डॉट कॉमसारख्या नावांना मुदत संपल्यावर रजिस्ट्रारकडे काही दिवसांची सवलत असते. ती कंपनीप्रमाणे बदलते, जास्तीत जास्त ४५ दिवसांपर्यंत. त्यानंतर ३० दिवस नाव परत मिळवता येतं, पण त्याचा दंड नेहमीच्या रकमेच्या कित्येक पट असतो. मग पाच दिवस कुणालाच काही करता येत नाही, आणि सहाव्या दिवशी जो पहिला येईल त्याचं नाव. लक्षात ठेवा, अनेक रजिस्ट्रार पहिल्या सवलतीच्या काळातच नावाचा लिलाव लावतात. म्हणून दिवस मोजत बसू नका, त्याच दिवशी पैसे भरा.

सूचना खरोखरच आली नव्हती असं वाटत असेल, तर आधी रजिस्ट्रारला लेखी विचारा: कुठल्या तारखेला, कुठल्या पत्त्यावर पाठवली? ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. डॉट कॉमसारख्या नावांसाठी आयकॅनकडेही तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी चालवलेल्या छोट्या व्यवसायासाठी सेवा घेतली असेल, तर ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. त्यासाठी मुंबई-दिल्लीला जावं लागत नाही.

बालमित्रांनो, तुमच्यासाठीही एक काम. आई-बाबांना, आजी-आजोबांना विचारा, "आपली किंवा आपल्या मंडळाची वेबसाइट आहे का? तिची मुदत कधी संपते?" उत्तर आलं नाही, तर लुकअपवर तुम्हीच शोधा आणि तारीख कॅलेंडरवर लिहा. या कामात तुम्ही मोठ्यांपेक्षा नक्कीच पटाईत आहात.

आणि काय सापडलं, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या वेळी भेटू, घरातलं माणूस गेल्यावर त्याच्या मोबाइलचं, फोटोंचं आणि ईमेलचं काय करायचं, या विषयासह. तोपर्यंत नमस्कार!